आठ भोकांची डबी

परवा संध्याकाळी शेजारच्या वाडीतले निवृत्त पोस्टमास्तर आमच्या ओटीवर येऊन बसले. चहा झाला, पावसाच्या गप्पा झाल्या, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग जरा संकोचून म्हणाले, "सर, स्विच कुठला घ्यावा हो?"

मला वाटलं, यांच्या पंख्याचं बटण बिघडलं असेल. म्हटलं, "वायरमनला विचारा की!"

"तो नव्हे हो. इंटरनेटचा. मुलगा-सून दिवाळीनंतर इकडे राहायला येतो म्हणतायत. दोघांचंही काम घरून. तुमच्याकडे तसलं काहीतरी आहे असं ऐकलं."

चौतीस वर्षं मी मराठी आणि इतिहास शिकवला. एवढ्या काळात लोकांनी मला पुष्कळ काही विचारलं. दहावीनंतर मुलाला कुठल्या शाखेला घालू, लग्नपत्रिकेत कुणाचं नाव आधी टाकू, ग्रामपंचायतीच्या अर्जात 'सविनय' लिहू की 'विनंतीपूर्वक'... पण यंत्राबद्दल सल्ला विचारायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. माझा एखादा जुना विद्यार्थी हे वाचत असेल तर तो आता पोट धरून हसत असणार. शाळेचा टेपरेकॉर्डर कुणाच्या हाती द्यायचा नाही, याची शिपायाकडे एक तोंडी यादी होती आणि तिच्यात माझं नाव पहिलं होतं.

पोस्टमास्तरांना मी जे सांगितलं ते जरा नीट लिहून काढावं असं वाटलं, म्हणून हा प्रपंच. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच माघारी फिरू शकतील. घरातलं सगळ्यात कमी जाणकार माणूस भर दुपारी घरात एकटं असताना जो दुरुस्त करू शकेल, किंवा निदान बदलू शकेल, तोच स्विच घरासाठी चांगला. बाकी खोक्यावर छापलेलं सगळं दुय्यम. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. कसं मिळालं ते सांगतो.

आमचं घर जांभ्या दगडाचं, वडिलांनी बांधलेलं. भिंती दीड-दीड फूट. उन्हाळ्यात माजघरात शिरलं की माठात शिरल्यासारखं वाटतं. पण जी भिंत ऊन अडवते ती वायफायही अडवते. फायबरची तार आली ती ओटीपर्यंत. तिथल्या डब्याचं वायफाय ओटीवर उत्तम, माजघरात बरं, आणि माडीवर... देवाच्या भरवशावर.

आम्ही दोघंच राहत होतो तोवर याचं काही अडत नव्हतं. मी ओटीवर बसून चार ओळी टंकायचो, ही माजघरात मोबाइलवर कीर्तन ऐकायची. २०२० च्या टाळेबंदीत नात पुण्याहून पंधरा दिवसांसाठी म्हणून आली आणि इथेच रमली. तिच्या ऑफिसने पुढेही घरून काम करू दिलं. महिन्यातून एकदा पुण्याला तोंड दाखवून येते, की झालं. त्याआधी मुलगा दर दिवाळीला म्हणायचा, "बाबा, आता घर बंद करा आणि आमच्याकडे या." आणि खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात कुलपं मोजायला लागलो होतो. संध्याकाळी सातला दारं लावायची, साडेआठला दिवे बंद. आता रात्री दहापर्यंत माडीवर दिवा असतो. हिने पुन्हा नारळ खवायला काढलाय. मासळीवालीला पुन्हा 'थांब गो' अशी हाक जाते. आता हे सगळं इंटरनेट माडीवरच्या टेबलापर्यंत पोचतं की नाही यावर अवलंबून होतं, हे ऐकायला हास्यास्पद वाटेल. पण होतं तसंच. मीटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी चेहरा गोठायला लागला तर ऑफिस किती दिवस ऐकून घेणार?

तर पहिला धडा. जे जागचं हलत नाही त्याला तार द्यावी, जे फिरतं त्याला वायफाय. मोबाइल फिरतो. टीव्ही फिरत नाही. माझा संगणक तर त्याचा मालकही फारसा फिरत नाही. प्रिंटर आहे तिथे आहे. नातीचा लॅपटॉप म्हणायला फिरता, पण दिवसाचे नऊ तास एकाच टेबलावर. आणि माडीवर मोबाइल चालावेत म्हणून वायफायचं एक वेगळं यंत्र भिंतीला टांगायचं, त्यालाही खालून तार आली की ते नीट चालतं. झाली पाच. ओटीवरच्या डब्याला मागे भोकं दोनच. (दुकानदार 'पोर्ट' म्हणतो, आमच्याकडे भोक.) शिवाय ओटीपासून पाच तारा न्यायच्या म्हणजे जांभ्याला पाच ठिकाणी गिरमिट लावायचं. त्यापेक्षा एकच तार माजघरापर्यंत आणावी, माजघरात स्विच ठेवावा आणि तिथून फांद्या काढाव्यात. घराचा मध्य म्हणून माजघर.

आता हा स्विच करतो काय? मला हे कळायला माझी शाळा उपयोगी पडली.

१९९९ साली आमच्या शाळेत संगणकखोली झाली. दहा संगणक आणि मध्ये एक डबी, तिला हब म्हणत. एका संगणकाने दुसऱ्याला काही पाठवलं की हब ते सगळ्यांना पाठवायचा. ज्याचं असेल त्याने घ्यावं, बाकीच्यांनी सोडून द्यावं. आमचा शिपाई सूचनावही घेऊन एकूण एक वर्गांत फिरायचा तसं. सूचना फक्त आठवी 'ब'ची असली तरी पाचवी 'अ'चा तास मोडायचाच. आणि दोन संगणक एकाच वेळी बोलले की दोघांचंही बोलणं वाया. मग दोघांनी गप्प व्हायचं, मनाला येईल तेवढं थांबायचं आणि पुन्हा बोलायचं.

स्विच हा त्यापेक्षा हुशार. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक हजेरी क्रमांक मिळालेला असतो, बारा आकडी-अक्षरी, त्याला मॅक पत्ता म्हणतात. नवा वर्गशिक्षक पहिल्या दिवशी काय करतो? कुणी हात वर करून बोललं की त्याचं नाव आणि बाक मनात टिपून ठेवतो. स्विच हेच करतो. ज्या भोकातून जो क्रमांक बोलला तो तिथे बसतो, अशी नोंद. पुढे त्या क्रमांकाची चिठ्ठी आली की थेट त्याच भोकातून जाते, बाकीच्यांना त्रास नाही. ओळख नसेल तर मात्र तोही हबसारखं सगळ्यांना विचारतो. आणि एखादा बराच वेळ गप्प बसला की त्याचं नाव पुसून टाकतो. ठरलेल्या मानकाप्रमाणे साधारण ३०० सेकंदांनी. म्हणजे विसरण्याच्या बाबतीत तो माझ्याच वर्गातला!

शोधाचा इतिहासही गमतीचा आहे, इतिहासाच्या मास्तराला तो टाळवत नाही. ईथरनेट ही कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात एका टिपणात मांडली. ईथर म्हणजे प्रकाशाला वाहून नेणारा, सगळीकडे भरलेला तो अदृश्य पदार्थ, ज्यावर एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ विश्वास ठेवत होते आणि जो मायकेलसन-मोर्ले यांना १८८७ च्या प्रयोगात सापडलाच नाही. नसलेल्या वस्तूचं नाव असलेल्या वस्तूला मिळालं. अनेक भोकांचा पहिला ईथरनेट स्विच बाजारात आला १९९० साली, सात भोकांचा. तो काढणाऱ्या कंपनीचं नाव काय असेल? 'कल्पना'! विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक, आणि पत्नीचं नाव त्यांनी कंपनीला दिलं. १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली. हे मी हिला सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "बघा, काही लोक बायकोच्या नावाने कंपनी काढतात." मी विषय बदलला.

असो. आता मूळ गोष्ट.

माझा भाचा पुण्यात एका कार्यालयात संगणकांचं जाळं सांभाळतो. त्याला फोन केला, तर म्हणाला, "मामा, विकत कशाला घेताय? आमच्याकडे जुना पडलाय, तो आणून लावतो." मोठ्या प्रेमाने पुढच्या शनिवारी गाडीत घालून घेऊन आला. चोवीस भोकांचा, लोखंडी, हातभर लांब. आणि 'मॅनेज्ड'. म्हणजे ज्याला सूचना देता येतात. अमुक भोकं या गटातली, तमुक त्या गटातली, यांनी त्यांच्याशी बोलायचं नाही, याने इतक्याच वेगाने जायचं. मोठ्या शाळेला जसे पर्यवेक्षक, वर्गप्रमुख, शिस्तसमिती लागते तसं. कार्यालयात ते लागतंच. भाच्याने लॅपटॉप जोडून तासभर काहीबाही लिहिलं, सगळं झकास चालू झालं, आणि जेवून तो गेला.

पहिली तक्रार हिची. त्या यंत्राला दोन पंखे. रात्री घर निजलं की माजघरातून पिठाची गिरणी चालल्यासारखा आवाज. दुसरी माझी. मागे ४० वॅट लिहिलेलं दिसलं. चोवीस तास, ३६५ दिवस म्हणजे वर्षाला ३५० युनिट! पाच तारांसाठी. पण फुकट आलेल्या वस्तूची उणीदुणी कशी काढायची म्हणून गप्प बसलो.

मग जूनमध्ये पहिला वादळी पाऊस झाला. रात्रभर वीज नव्हती, इन्व्हर्टरनेही पहाटे मान टाकली. सकाळी वीज आली, यंत्र सुरू झालं, दिवे लुकलुकायला लागले, आणि इंटरनेट काही येईना. ओटीवर आहे, माडीवर नाही. भाच्याला फोन केला. तो चेन्नईला, कामात. रात्री बोलला आणि मग उलगडा झाला. त्याने सगळं लिहिलं होतं, पण कायमचं जपून ठेवायची जी एक आज्ञा द्यायची असते ती द्यायची राहून गेली होती. असल्या यंत्रात चालू सूचना वेगळ्या आणि जपलेल्या सूचना वेगळ्या. मास्तरकीच्या भाषेत सांगायचं तर उत्तर पाटीवर लिहिलं होतं, वहीत उतरवलंच नव्हतं. वीज गेल्यावर पाटी पुसली गेली, आणि यंत्र त्याच्या जुन्या कार्यालयाच्या वहीप्रमाणे वागू लागलं. नातीचं भोक भलत्याच गटात!

भाचा फोनवरून सांगत होता, "मामा, त्याच्या आत शिरायचा पासवर्ड..." तो पासवर्ड त्यालाही आठवेना. पुसून पहिल्यापासून सुरू करायचं तर पुन्हा सगळं लिहायचं, आणि ते माझ्या कुवतीबाहेरचं. दोन दिवस असे गेले. पहिल्या दिवशी नात मोबाइलच्या जोरावर ओटीच्या कोपऱ्यात बसून काम करत होती, मागून कोंबड्यांचा आवाज. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बॅग भरताना दिसली.

"आबा, चार दिवस जाऊन येते. महत्त्वाचं काम आहे."

चार दिवसच. पण हिने तिच्यासाठी भिजत घातलेल्या वालांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. आणि मला पहिल्यांदा राग आला. तो यंत्राचाही नव्हे, भाच्याचाही नव्हे. माझ्या स्वतःच्या घरातली एक वस्तू बंद पडली आहे, ती माझ्या समोर आहे, मला धडधडीत दिसते आहे, आणि मी तिच्यापुढे हात जोडून उभा आहे याचा.

नात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी तालुक्याला गेलो आणि स्वतः एक डबी घेऊन आलो. आठ भोकांची, 'अनमॅनेज्ड'. बिनसूचनांची. तार खोचली की चालू, काढली की बंद, बाकी काही नाही. तेव्हा घेताना आणि नंतर जे समजलं ते एकापुढे एक मांडतो.

भोकं किती? दहा जण नदी ओलांडतात आणि प्रत्येक जण स्वतःला सोडून नऊच मोजतो, ती गोष्ट आठवते ना? तोच घोटाळा इथे होतो. मी पाच यंत्रं मोजून पाच भोकांची डबी मागणार होतो. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, ओटीवरून येणारी तार कुठे खोचणार?" दहावा तो! म्हणजे सहा झाली. सहाची सहसा मिळत नाही, पाचानंतर आठ. दोन शिल्लक राहतात ते बरंच. (ही शिल्लक पुढे मला महागात पडली, तेही सांगतो.)

वेग किती? शंभराची आणि हजाराची, म्हणजे गिगाबिट, अशा दोन्ही डब्या मिळतात. आमचं इंटरनेटच शंभराचं, मग हजार कशाला, असं मला वाटलं होतं. पण घरातल्या घरात एका संगणकावरून दुसरीकडे काही न्यायचं असेल तर तिथे इंटरनेटचा संबंध येत नाही, डबीचाच येतो. घरातले सगळे जुने फोटो नातीने गोळा केलेत, ४० जीबी भरले. हिशेब केला तर शंभराच्या डबीतून ५३ मिनिटं, हजाराच्या डबीतून साडेपाच मिनिटांच्या आसपास, बाकीच्या यंत्रांनी साथ दिली तर. किमतीत फार फरक नव्हता. म्हणून हजाराची. त्यापुढे अडीच हजाराच्याही आहेत. त्या ज्यांना लागतात त्यांना त्या लागतात हे ठाऊक असतं. ज्याला विचारावं लागतं त्याने घेऊ नये.

खोक्यावर '१६ जीबीपीएस' असं ठळक छापलेलं होतं. मी चमकलो. मग पाढा म्हटला. आठ भोकं, प्रत्येकातून एक जाणारा, एक येणारा, आठ दुणे सोळा. आठ भोकांच्या कुठल्याही धड गिगाबिट डबीचं उत्तर सोळाच येतं. तो काही विशेष गुण नव्हे.

डबी पत्र्याची घ्यावी, बिनपंख्याची. पत्रा उष्णता बाहेर टाकतो. माझी जास्तीत जास्त पाच वॅट घेते, म्हणजे वर्षाला ४४ युनिट. हिचा आग्रह होता की देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवा, तिथे शोभेल. पण समईची काजळी आणि तेलकट हात यांपासून ती दूर हवी, आणि बंद कपाटातही नको. शेवटी माजघरातल्या खुंट्यांच्या वर एक फळी ठोकली. ओटीवरचा डबा आणि ही डबी, दोघांनाही इन्व्हर्टरची वीज. एकालाच दिली तर उपयोग शून्य.

पैसे वाचवायचे तर डबीत वाचवा, तारेत नको. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या तारा मिळतात, स्वस्त आणि हलक्या. आतल्या तारेला ब्लेडने खरवडलं की पांढरी चकाकी दिसते. त्या घेऊ नयेत. शुद्ध तांब्याची 'कॅट सिक्स' किंवा 'कॅट फाइव्ह ई' घ्यावी. शंभर मीटरपर्यंत हजाराचा वेग नेते, आणि आमचं घर काही शनिवारवाडा नाही. एक मात्र आहे, हजाराच्या वेगाला तारेतल्या आठही बारीक तारा लागतात. चारांवर काम चालतं, पण शंभरानेच. आमच्या माळ्यावरच्या उंदराने एकदा एक-दोन कुरतडल्या. डबीवरचा हिरवा दिवा नारिंगी झाला, म्हणून कळलं. हे रंग प्रत्येक डबीत निराळे असू शकतात. सोबतची पुस्तिका फेकू नये.

डबी लावून मी नातीला फोन केला. ती म्हणाली, "आबा, तुम्ही स्वतः लावलीत?" त्या 'स्वतः'मध्ये जे आश्चर्य होतं, त्यासाठी अख्ख्या खर्चाचं सार्थक झालं. रविवारी ती परत आली.

इथे ही गोष्ट संपवली असती तर फार छान झालं असतं. पण मी इतिहासाचा मास्तर आहे, आपल्या बाजूची लढाई हरलेली असली तरी सांगावी लागते.

गणपतीच्या आधी घराची झाडलोट चालली होती. फळीवरून एका तारेचं टोक लोंबकळताना दिसलं. मला अव्यवस्था खपत नाही. ते उचललं आणि डबीच्या रिकाम्या भोकात खोचून दिलं. दोन मिनिटांत सगळे दिवे दिवाळीसारखे एकदम लपलपायला लागले, आणि माडीवरून हाक, "आबाऽऽ, काय केलंत?"

केलं होतं ते असं. त्या तारेचं दुसरं टोकही त्याच डबीत होतं. जास्तीची तार नातीने तात्पुरती खोचून ठेवली होती. झाला फेरा. 'सगळ्यांसाठी' अशी एखादी चिठ्ठी एका भोकातून बाहेर पडते, दुसऱ्या भोकातून आत येते. डबीला वाटतं नवीच आली, पुन्हा सगळ्यांना वाटते. ईथरनेटच्या चिठ्ठीवर 'इतक्या फेऱ्यांनंतर फाडून टाका' असं काही लिहिलेलं नसतं. ती फिरतच राहते, आणि तिच्या गर्दीत बाकी सगळं चेंगरतं.

भाच्याला फोन लावला, उचलला नाही. मग मनाशी म्हटलं, ही आपली डबी आहे, हिला आठच भोकं आहेत. सगळ्या तारा काढल्या आणि एकेक परत खोचत गेलो. पहिली, ठीक. दुसरी, ठीक. असं करत शेवटच्या दोन टोकांशी आलो आणि चोर सापडला. पंचवीस मिनिटं लागली. नातीची मीटिंग मात्र बुडाली ती बुडालीच.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं खरं होतं, की "मामा, माझा स्विच असता तर हे झालं नसतं." या फेऱ्यावरचा उपाय रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी १९८५ सालीच काढून ठेवलाय. स्विच आपापसात बोलून फेरा ओळखतात आणि एक रस्ता आपणच बंद करतात. मॅनेज्ड यंत्रात ही सोय असते. शिवाय कॅमेरे एका गटात आणि घरचे संगणक दुसऱ्या गटात ठेवले तर सुरक्षितता वाढते, हेही त्याचं बरोबर. ज्या घरात हे जाणणारं आणि रोज तिथेच राहणारं माणूस आहे, तिथे खुशाल तसला घ्यावा. साध्या डब्यांपैकीही काहींमध्ये फेरा ओळखायची सोय असते. पुढची घेताना मी ती बघून घेईन.

पण माझं मत बदललेलं नाही. भाच्याचं यंत्र चुकलं तेव्हा चूक दिसत नव्हती आणि दिसली तरी माझ्या हातात नव्हती. माझ्या डबीत चूक माझी होती, आणि ती शोधायला दोन हात आणि थोडा धीर पुरला. आमच्याकडे वीज पडून कधी काय जळेल याचा नेम नसतो. उद्या ही डबी जळाली तर तालुक्याहून दुसरी आणून तारा खोचायच्या, एका दुपारचं काम. तिच्या पोटात जपून ठेवण्यासारखं काही नसतंच. मुलं लांब असलेल्या, म्हाताऱ्यांच्याच ताब्यात असलेल्या घरांत हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. मुलं प्रेमाने आपल्याला भारीतली वस्तू आणून देतात. तिच्याबरोबर ती चालवणारं माणूस मात्र आणून देऊ शकत नाहीत. आणि आपण 'आम्हाला काय कळतंय त्यातलं' म्हणून मोकळे होतो, तेही बरं नाही. हजेरीपट ज्याला समजतो त्याला स्विच समजतो, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

एक काम मात्र मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कागदाची चिठ्ठी, वर पारदर्शक चिकटपट्टी. 'माडी', 'टीव्ही', 'ओटीकडून'. डबीच्या अॅडॉप्टरवरही 'स्विचचा', कारण घरात सारखे दिसणारे सहा अॅडॉप्टर आणि त्यांचे व्होल्ट निरनिराळे. आता ते सगळं केलंय. तारेवर सुवाच्य अक्षरात लिहायला माझ्याइतकं लायक माणूस पंचक्रोशीत नसेल.

पोस्टमास्तरांनी कालच आठाची डबी आणली. त्यांची भोकं मोजताना त्यांनीही दहावा सोडला होता, मी आठवण करून दिली. पत्ते लिहिण्यात उभा जन्म गेलेला माणूस, पण तारांवरच्या चिठ्ठ्या माझ्याच हस्ताक्षरात हव्यात म्हणतायत. उद्या सकाळी जायचंय, पेन आणि चिकटपट्टी घेऊन.